उलट्या आट्यांची सायकल

सेंत-आन-दे-कोत, १४ एप्रिल २०१९

बाळ लुडोविक,

म्हातारीचा तुला भरपूर आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा.

फोन करू नकोस. फोनवर मला सगळी माणसं डबीत कोंडलेल्या माशीसारखी ऐकू येतात. पत्र बरं. सिस्टर एर्मेलिन कानाशी ओरडून वाचतात आणि मी बोलते ते लिहूनही घेतात. आधी लिहायची ती नर्स बाळंतपणाला गेली. सिस्टरांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे मी वाकडं बोलले तरी कागदावर सरळ उतरतं की काय असा मला संशय आहे. मला तपासता थोडंच येणार. त्यांची अट एकच, शिव्या लिहिणार नाहीत. आपल्याकडच्या शिव्या म्हणजे चर्चमधलंच सामान. पेला, भाकर, वेदीवरची पेटी. त्या सामानाची सिस्टरांनी आयुष्यभर पुसपास केली, आता ते असं रस्त्यावर लोळताना त्यांना बघवत नाही. तेव्हा जिथे रेघ दिसेल तिथे तू मनानं भर.

कामाचं ऐक. हायवे झाला तेव्हा बंद पडलेली मोठ्या चढणीची शर्यत यंदा सेंत आनच्या सणाला, २६ जुलैला, पुन्हा सुरू करतायत. खालच्या पुलापासून वरच्या चॅपेलपर्यंत, जुन्या सायकलवरून, पाय जमिनीला न टेकवता. सांगाडा जुना हवा आणि पाय वर हवेत, बाकी नियम नाही. समितीला तुझ्या आजोबांची सायकल हवी आहे. १९५५ साली आल्देरिक पायडलांपाशी साखळी ओढणारी ती मोठी चकती फिरवत, पाय न टेकवता वर पोचला आणि पहिला आला, हे तू मांडीवर असल्यापासून मी तुला सांगत आलेय. रोझेरकाकानं शेडमधून सायकल काढली खरी, पण हल्ली तो कुठेही गेला तरी पोट आधी पोचतं. म्हणून ती तुझ्याकडे पाठवतोय.

त्या वर्षी दुसरा आलेला गास्पार आता इथे, याच वृद्धाश्रमात, जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसतो. रोज सूप येतं आणि रोज तो म्हणतो, "एक्झिल्दा, त्या मोठ्या चकतीवर ती चढण माणसाला चढता येत नाही." मी म्हणते, "माणसाला नाही येत. आल्देरिकला येते." मग तो सूप सांडतो. माझ्या दिवसातलं सगळ्यात चांगलं मिनिट ते.

तू भाग घे. पण मागच्या हिवाळ्यात पत्रं वाटताना बर्फावर पडलास आणि गुडघा उघडून शिवावा लागला, ते विसरू नकोस. टपालवाल्याची भाकरी गुडघ्यावर असते. पायडलांपाशी हल्लीचं काहीतरी हलकं फिरणारं बसव. जुन्याचा हट्ट नको. जुनं काय असतं ते मी रोज आरशात बघते.

तुझी आजी
(खालची फुली माझी.)

*

शेर्ब्रूक, २८ एप्रिल २०१९

प्रिय आजी,

तुला नमस्कार, आणि सिस्टरांना रेघांबद्दल आभार.

सायकल आली. सांगाड्यावरचा 'पॅरिस'चा निळा पट्टा अजून चकचकतो. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी टोपी काढली. हसू नकोस.

क्रँक, म्हणजे पायडल धरणारे हात, सोडवले. त्यांना अडकवणाऱ्या कॉटर पिना ठोकून काढताना हातोडीचा दांडा मोडला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी संबंधही. आणि आत काय निघालं माहीत आहे? मोठ्या चकतीच्या मागे दडून बसलेली एक छोटी चकती. बशीएवढी! म्हातारे हौशी लोक तंबू-पातेली लादून सहलीला जातात, त्यांच्या सायकलला चढावर जोर लागू नये म्हणून असते तसली. रोझेरकाकाच्या शेडमध्ये कुठल्या गाढवानं आजोबांच्या सायकलला हे चिकटवलं देव जाणे. मी काढून भंगारात टाकली. आता सगळं १९५५ सारखं. लोखंडी क्रँक, एकच मोठी चकती, त्याच कटोऱ्या, तेच छर्रे.

तू म्हणतेस नवं बसव. आजी, ते बसतच नाही. दोन पायडलांच्या मधला दांडा एका नळीत फिरतो. नळीच्या दोन्ही तोंडांना कटोऱ्या असतात, त्यांत छर्रे. कटोऱ्या आट्यांनी बसतात, बरणीचं झाकण बसतं तशा. फ्रेंच सायकलींचे आटे जगावेगळे, ते आता कुणी करत नाही. नवा बंद बेअरिंगचा संच मिळतो तो इंग्लिश आट्यांचा. म्हणजे प्रश्नच मिटला. उजवीकडची कटोरी साफ करायला काढणार होतो, तर तीही हलेना. पान्ह्याला हातभर पाइप लावून त्यावर लोंबकळलो. उलट जास्तच आवळली गेल्यासारखी वाटते. जुनी कामं म्हणजे जुनी कामं!

आणि बसलं असतं तरी मी बसवलं नसतं. आजोबा मोठ्या चकतीवर चढले आणि मी बशीवर चढू? गास्पारला काय तोंड दाखवशील तू?

तुझा लुडो

*

सेंत-आन-दे-कोत, ७ मे २०१९

गाढवा,

भंगाराच्या डब्यात हात घाल आणि ती छोटी चकती बाहेर काढ. मला पाठव. का ते विचारू नकोस. गरम भांड्याखाली ठेवायला हवी आहे. सिस्टर म्हणतायत, तुमच्या खोलीत चूल नाही आणि भांडंही नाही. सिस्टर, तुम्ही लिहा.

आजोबांनी केलं, आजोबांनी केलं. आजोबांनी पुष्कळ काही केलं. एकदा रानबदकावर नेम धरून स्वतःच्या भावाची टोपी उडवली. एकदा हरणाच्या मटणाच्या वासानं दुसऱ्याच्याच लग्नात जाऊन जेवला आणि वधूपक्षाकडून भाषण केलं. त्यातलं काही तुला करावंसं वाटत नाही, चढणच बरी दिसली.

मी सायकलवर कधी बसले नाही, पण एवढं कळतं. जे लोकांना दिसतं ते जुनं राहू दे, आणि जिथे दुखतं तिथे नवं घाल. गास्पारचंच बघ. दोन्ही गुडघे स्टीलचे बसवलेत. तेवढ्यानं तो गास्पार राहिला नाही का? राहिलाच, माझं नशीब.

डॉक्टर काय म्हणाला ते तू लिहिलं नाहीस. टपालात राहून पत्र गहाळ करायला शिकलास वाटतं. आणि त्या कटोरीशी मारामारी करू नकोस. ती तुझ्या आजोबांशीही...

राहू दे. सूप आलं.

आजी

ता. क. लुडोविक, मी सिस्टर एर्मेलिन. आजींनी कटोरीबद्दल एक पूर्ण पान सांगितलं आणि नंतर ते माझ्याकडून फाडून घेतलं. तेव्हा गास्पार महाशय आपली काठी शोधत दाराशी आले होते. काठी त्यांच्या हातातच होती.

*

शेर्ब्रूक, २ जून २०१९

प्रिय आजी,

चकती टपालानं पाठवली आहे. मीच शिक्का मारला.

कटोरी निघत नाही. तेल पाजलं, गरम केली, रात्रभर बर्फाची पिशवी ठेवली. पुस्तकात लिहिलंय तसं, बरणी उघडतो त्या दिशेनं जोर लावतोय. ढिम्म नाही. शेवटी आहे त्याच कटोऱ्यांवर सगळं परत जोडलं आणि मोठी चकती लावून आमच्या डेपोमागचा चढ चढून बघितला.

तुझ्यापासून काय लपवायचं. अर्ध्यात गुडघ्यात काहीतरी कडकन झालं. संध्याकाळपर्यंत तो पावासारखा फुगला. डॉक्टर म्हणाला, हलक्या पायानं हवी तेवढी सायकल चालव, पण असा जोर पुन्हा लावलास तर पिशवी घेऊन रस्त्यावर फिरणं संपलं. मग खोलीत बसून पत्रांची वर्गवारी करायची, तीही जागा रिकामी असली तर. आजी, माझ्या वाटेवरची कुत्रीसुद्धा मला नावानं ओळखतात. मला खोलीत बसायचं नाही.

तरी मी चढणार. सराव करत नाही, एकदम त्या दिवशीच जोर लावतो. एकदा तर लावायचा. लहानपणी आईनं बोट धरून मला त्या चढणीवर नेलं तेव्हा मी रडायला लागलो होतो, आणि तू वरून ओरडलीस, "माणसाला नाही येत, आल्देरिकला येते!" मी तसाच चढलो. तुला आठवणार नाही. मला आठवतं.

पाय उशीवर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

लुडो

*

सेंत-आन-दे-कोत, ९ जून २०१९

लुडो,

सिस्टर, दार लावा. (लावलं. सि. ए.)

काठीवाला बाहेर आहे का बघा. (नाही. सि. ए.)

तर ऐक, आणि मधे बोलू नकोस. पत्रात तुला बोलता येत नाही हे किती बरं.

पहिली गोष्ट, तुझी सायकल पॅरिसची नाही. पॅरिसनं ती बघितलेलीसुद्धा नाही. ती इंग्लिश आहे. कागदाच्या गिरणीवर एक इंग्रज मुकादम होता, तो मायदेशी परत गेला तेव्हा त्याच्या बायकोनं बटाट्याच्या पोत्यांच्या बदल्यात आल्देरिकला देऊन टाकली. घरी आणल्यावर ह्याच्या लक्षात आलं, इंग्रजाच्या सायकलवर बसून सेंत आनच्या सणाला गेलो तर आपलं फ्रेंच गाव सायकलसकट पुलावरून फेकून देईल. मग मोंट्रियलहून कुणाकडून तरी पॅरिसचा पट्टा मागवला. जुनं नाव खरवडलं, रंग मारला आणि पट्टा मी ओल्या फडक्यानं चिकटवला. मला अक्षर येत नाही, त्यामुळे आधी उलटा लागला. आल्देरिक म्हणाला, कुणी विचारलं तर सांगू, पॅरिसमध्ये असाच लावतात. मग सोडवून सुलटा केला. शर्यतीच्या आधी गावातले सगळे पट्ट्यावरून हात फिरवून म्हणायचे, बघा, फ्रेंच काम ते फ्रेंच काम.

आता कटोरी. ईस्टरच्या आधीचे सगळे उपासाचे दिवस आल्देरिक तिच्याशी झटत होता. सायकल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी, मी चाक धरून उभी, समोर भिंतीवर घड्याळ. तो बरणी उघडल्यासारखा पान्हा फिरवायचा आणि प्रत्येक हिसक्याला वेदीवरची एकेक वस्तू खाली आणायचा. आधी पे———, मग भा———, आणि अगदीच हात घसरला की पेटी, ता———. (रेघा माझ्या. सि. ए.) गुड फ्रायडेला सगळं सामान संपलं. तेव्हा रागानं त्यानं पान्हा उलट्या बाजूनं हाणला, समोरच्या घड्याळाचे काटे जातात तसा. आणि कटोरी अशी निघाली, जशी काही ती वाटच बघत होती. इंग्रज रस्त्यानं उलट्या बाजूला गाडी चालवतो. त्याचे आटे तरी सरळ कसे असतील?

म्हणजे गेला महिनाभर तू ती काढत नव्हतास, आवळत होतास. तुझे आजोबाही आवळत होते. खानदानी आहे.

आणि इंग्लिश म्हणजे काय? तूच लिहिलंस. नवं बसतं.

आता बशी. ती शेडमधल्या कुणा गाढवानं लावली नाही. ते गाढव माझा नवरा. चकती फादर झेफिरेंच्या सायकलची. फादर उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या वाड्यांवर प्रार्थना सांगायला जायचे, म्हणून त्यांनी ती मुद्दाम फ्रान्सहून मागवली होती. चढावर त्यांचे पाय शिवणयंत्रासारखे फिरायचे आणि काळा झगा मागे फडफडायचा. पोरं हसायची. सगळ्यांत जास्त हसायचा गास्पार. त्या चकतीला 'फादरांची बशी' नाव त्यानंच ठेवलं. पुरुषानं मोठी चकती चालवावी, छोटी बायकांची, नाहीतर पाद्र्यांची, असं तेव्हा होतं. आता नाही असं म्हणणार होते, पण तुझं पत्र समोर आहे.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात फादरांनी आल्देरिकला चर्चमागे बोलावलं आणि चकती रुमालात गुंडाळून हातात ठेवली. म्हणाले, "मोठीच्या मागे लाव, दिसणार नाही. हसणाऱ्यांना माझ्या बशीनं हरवलेलं बघायचंय मला. मग मी पापाची कबुली देईन कुणाकडे तरी." सिस्टर, असं बघू नका माझ्याकडे, फादर होते ते, पुतळा नव्हते.

तसंच झालं. रस्त्याकडून मोठी चकती दिसत होती आणि साखळी होती मागच्या बशीवर. आल्देरिकचे पाय इतके भराभर फिरत होते की दिसेनात. लोक म्हणाले, बापरे, काय ताकद! लबाडी नव्हती, नियमात चकतीचा शब्द नव्हता. नुसती लाज होती, ती मोठीच्या मागे लपवली.

फादर म्हणाले होते, मी जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही. ते गेले. मग आल्देरिक म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत. तोही गेला. मग मी ठरवलं, गास्पार जिवंत असेपर्यंत, आणि हा मेला काही केल्या जाईना. तू बशी लावून चढलास की तो टेबलावर हात आपटून म्हणणार, मी सांगत होतो. रोजच्या सूपाचं माझं मिनिट गेलं. या वयात चांगली मिनिटं म्हणजे रोज एखादंच हाताला लागतं, लुडो, ते मी असंच वाटत नाही.

पण मी तिथे वर उभी राहून एक वाक्य मिरवलं आणि तू ते गिळून बसलास. आता ते तुझ्या गुडघ्यात अडकलंय. काढ ते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं.

आजी

ता. क. सिस्टर एर्मेलिनकडून. छोटी चकती पोचली. आजींनी ती माझ्या परवानगीशिवाय खोलीतल्या सेंट जोसेफच्या पुतळ्याच्या डोक्यामागे तारेनं बांधली आहे. प्रभावळ म्हणून. मी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, जोसेफ सुतार, आणि सुताराला दाते असलेलंच शोभतं.

*

शेर्ब्रूक, २४ जून २०१९

आजी,

ता———! (रेघ मीच मारली, सिस्टर.)

निघाली. घड्याळासारखा पान्हा मारला आणि पाइपसुद्धा लागला नाही. वरच्या रंगाखाली आता मला खरवडलेली इंग्लिश अक्षरं बोटाला लागतात. आज सेंत-झांचा, आपल्या फ्रेंचांचा सण, खाली रस्त्यावर सगळे निळे झेंडे नाचवतायत, आणि मी आजोबांच्या इंग्रज सायकलवर फडकं टाकून खिडकी लावून बसलोय.

बंद बेअरिंगचा संच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. त्यापेक्षा पिझ्झा महाग पडतो. दुकानदार म्हणाला, इंग्लिश आटे? हवे तेवढे घे. नवे क्रँक घेतले, आतली चकती फादरांच्या बशीपेक्षाही लहान आहे. दिसायला सगळं काळंकुट्ट आणि कुरूप, जुन्या सांगाड्यावर बघवत नाही. पण डेपोमागचा चढ बोलत बोलत चढलो. गुडघ्याला पत्ताच लागला नाही.

फक्त एक. जुनी मोठी चकती मी बाहेरून थाळीसारखी लावू शकतो, नुसती दिसायला. मागे काय फिरतंय ते गास्पारला कळणार नाही. आजोबांचं नाव राहील आणि तुझं मिनिटही. लावू का?

लुडो

*

सेंत-आन-दे-कोत, २ जुलै २०१९

लुडो,

दोन दिवस विचार केला. लावायला सांगणार होते. मग काल रात्री जेवताना गास्पार खुर्चीतून उठत होता, आणि त्याला उठायला जो वेळ लागला तेवढा वेळ मला बघायला दुसरं काही नव्हतं.

नको. उघडी लाव.

आजी

*

सेंत-आन-दे-कोत, ५ ऑगस्ट २०१९

बाळ लुडो,

तुला चढताना घामानं काही दिसत नव्हतं, म्हणून तू काय केलंस ते मी सांगते.

पुलापासून निघालास तेव्हापासून लोक हसत होते. पाय अंडी फेटावीत तसे फिरत होते आणि सायकल माझ्या चालीनं. कुणीतरी ओरडलं, "ए, एखादी विजार शिवून दे!" मोठ्या चकतीवाले सगळे तुझ्या पुढे. छाती काढून, जुन्या लोकरी जर्स्या घालून, समितीच्या अध्यक्षांसकट. मग क्रूसाच्या वळणावर ते एकेक करून खाली उतरले. उतरले आणि वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. एकाच्याही बुटाला नाड्या नव्हत्या, पट्टे होते. तू त्यांच्यामधून शिट्टी वाजवत गेलास. शिट्टी वाजवायची गरज नव्हती, पण मला आवडली.

चौथा आलास. तिघी पुढे होत्या त्या बेकरीवाल्याच्या मुली, त्यांच्या चकत्या तुझ्याहूनही छोट्या. पाय टेकला नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन कामावर गेलास, दोन्ही गुडघे एका मापाचे, हे तुझं कार्ड सिस्टरांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

वर घंटा वाजवायला गास्पारला बसवलं होतं, मांडीवर घोंगडी टाकून. तुझी सायकल त्याच्यासमोर थांबली तेव्हा तो वाकून चकत्यांकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता. त्यानं नुसती घंटा वाजवली.

तीन दिवस तो सूप न सांडता जेवला. मला ते सूप गिळवेना. माणूस जिंकल्यावर गप्प बसला की त्याला ओरडायचं तरी कुठून?

रविवारी दुपारी आला माझ्या खोलीत, काठी टेकत. सिस्टर खिडकीशी माझे मोजे रफू करत होत्या. त्यानं सेंट जोसेफला नमस्कार केला आणि हात तसाच राहिला. पुढे झाला, डोक्यामागच्या चकतीचे दाते बोटानं चाचपले.

"ही फादर झेफिरेंची."

"ओळखलीस?"

"मी घासायचो ती. वेदीवर सेवेला होतो तेव्हा दर शनिवारी. मीच नाव ठेवलं बशी." मग माझ्याकडे वळला. "मोठीच्या मागे?"

"मागे."

"म्हणजे आल्देरिकला पण येत नव्हती."

"नाही रे. कुणालाच येत नव्हती."

तो माझ्या पलंगाच्या कडेवर बसला. तुला माहीत नाही, आल्देरिकनं जिंकल्यावर पुन्हा कधी भाग घेतला नाही. गास्पारनं मात्र शर्यत बंद होईपर्यंत दरवर्षी घेतला. पुढे जिंकायचाही, न टेकता कुणीच पोचत नसे म्हणून. पण क्रूसाच्या वळणावर दरवर्षी पाय टेकायचा, आणि दरवर्षी पुढच्या वर्षीसाठी आणखी जोर लावायचा. आल्देरिकला आली तर मला का येऊ नये. दरवर्षी, मोठ्या चकतीवर.

"मग माझे गुडघे कशासाठी गेले, एक्झिल्दा?"

लुडो, मी एक मोजा उचलून त्याची घडी घालायला लागले. सिस्टर साक्षीला आहेत, मी आजवर मोज्याची घडी घातलेली नाही.

मग तो आणखी एक वाक्य बोलला. ते मला तुला सांगायचंय, पण ते वेदीवरच्या पेटीच्या त्या शब्दानं सुरू होतं, आणि सिस्टर म्हणतात रेघ ओढीन. रेघ ओढली की ते वाक्य वाक्य राहत नाही. आम्ही भांडलो. त्या म्हणाल्या, बघू.

सेंट जोसेफची प्रभावळ मी सोडवली आणि गास्पारला दिली. सुताराचं आधीही तिच्यावाचून अडत नव्हतं. आता ती जेवणाच्या टेबलावर त्याच्या सूपाखाली असते. रोज माझ्या नाकासमोर. तो तिच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि मुद्दाम एक थेंब सांडतो.

तुझे ते काळेकुट्ट क्रँक काढू नकोस. चांगले दिसतात.

आजी

ता. क. लुडोविक, आजींना दुपारची डुलकी लागली आहे. त्या वाक्याचा प्रश्न राहिला होता. शाळेत मी मुलांना नेहमी सांगत आले की दुसऱ्याचं बोलणं लिहायचं तर जसंच्या तसं लिहा, आणि मी त्या खोलीत होते.

गास्पार महाशय म्हणाले, "ताबर्नाक, एक्झिल्दा, तेव्हाच सांगितलं असतंस तर आज तुला नाचायला नेलं असतं मी."

त्यावर आजींनी रेडिओ लावला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. इथले पलंग उंच आहेत. दोघं कडेवर बसून पाय हलवत होते. गाणं लांबलचक होतं, पण संपेपर्यंत दोघांपैकी कुणाचाही पाय जमिनीला टेकला नाही.

सि. ए.